कोल्हापूरच्या उसाला एआय : शेतकऱ्याच्या मोबाइलवर, की पाणी संस्थेच्या पाळीपत्रकावर?

भोगावतीकाठ

नमस्कार मंडळी. सध्या कारखान्याचा गटमेळावा असो, डेअरीचा कट्टा असो की खताचं दुकान, एआयचा विषय निघतोच. बारामतीच्या उसाचे व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेत. चर्चा मात्र दरवेळी एकाच आकड्यावर येऊन थांबते : एकरी टन किती? आपल्या जिल्ह्यापुरता तरी हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. उसाखालच्या जमिनी टिकवायच्या असतील तर एआयनं आधी आपलं पाणी आणि युरिया कमी करून दिला पाहिजे, आणि हे काम एकेकट्या शेतकऱ्याच्या मोबाइलवर होणारं नाही. का, ते सांगतो. लांबेल, पण वाचा.

एका कंपनीपासून सुरुवात करतो. जॉन डिअरचे हिरवे ट्रॅक्टर आपल्या ओळखीचे आहेत, पुण्याजवळ सणसवाडीला त्यांचा कारखाना आहे. या कंपनीनं २०१७ मध्ये ब्लू रिव्हर टेक्नॉलॉजी नावाची कॅलिफोर्नियातली एक लहान कंपनी ३० कोटी ५० लाख डॉलरला विकत घेतली. त्यातून 'सी अँड स्प्रे' हे फवारणी यंत्र आलं. १२० फूट रुंद बूम, म्हणजे फवारणीचा आडवा दांडा, आणि त्यावर ३६ कॅमेरे. यंत्र शेतातून चालत असतानाच कॅमेरे खालची जमीन टिपतात, यंत्रावर बसवलेला संगणक पीक कुठलं आणि तण कुठलं ते ओळखतो, आणि तण असेल तेवढ्याच जागेवरचा नोझल उघडतो. निर्णय जागेवर होतो, त्यासाठी नेटवर्कची वाट बघावी लागत नाही. २०२४ च्या हंगामात अमेरिकेत मका, सोयाबीन आणि कापसाच्या १० लाखांहून जास्त एकरांवर हे यंत्र फिरलं आणि कंपनीच्याच सांगण्यानुसार सरासरी ५९ टक्के तणनाशक वाचलं.

हे यंत्र आपल्या सरीत येणार नाही. आपल्या कितीतरी पट्ट्या १२० फूट रुंदसुद्धा नसतात. तरी मी ते उदाहरण घेतलं, कारण तिथं एआयला जमिनीत जाणारं औषध कमी करायचं काम दिलंय. आपल्याकडं मात्र त्याच्याकडून टनेज वाढवून मागतात.

बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या कृषी विज्ञान केंद्रानं मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीनं उसावर काम केलं. मातीतले सेन्सर, हवामान केंद्र आणि उपग्रहाची चित्रं एकत्र करून मोबाइलवर सल्ला येतो : आज पाणी द्या, एवढं द्या, या कोपऱ्यात नत्र कमी पडलंय. पुढं वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट त्यात उतरली आणि हेक्टरी २५,००० रुपयांचा खर्च वाटून घेतला गेला : इन्स्टिट्यूटचे ९,२५०, कारखान्याचे ६,७५० आणि शेतकऱ्याचे ९,०००. जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, त्यात पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटींची तरतूद आहे. म्हणजे पैसा येतोय आणि इच्छाही आहे.

आता हाच सल्ला माझ्या मोबाइलवर आला असं धरा : 'उद्या सकाळी पाणी द्या.' माझं पाणी नदीवरच्या सहकारी उपसा संस्थेचं. पाळी, म्हणजे पाणी घ्यायचा माझा दिवस, आठवड्यानं. मध्येच पाटबंधारे खात्याची उपसाबंदी लागली तर आणखी लांब. आणि पाळी आली की रानात ओल असो नसो, मी पाणी घेणारच, कारण सोडलं तर पुढचं कधी मिळेल याचा भरवसा नाही. पाणीपट्टी एकरावर आहे, पाण्यावर नाही. त्यामुळं निम्मं पाणी वाचवलं तरी माझा रुपयाही वाचत नाही. ज्यांच्या स्वतःच्या विहिरी-बोअर आहेत, त्यांना २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंत वीजबिल माफ आहे. रात्रीची लाइट आली की मोटर चालू करायची आणि सरी डुबेपर्यंत सोडायचं, हे वर्षानुवर्षं चालत आलंय.

साखर उताऱ्याचं, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघते त्याचंही असंच आहे. २०२५-२६ च्या हंगामाची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये आहे, त्यावर प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये. टनाला ३४ रुपये ६० पैसे झाले. एआयनं सांगितलेल्या दिवशी मी पक्व ऊस तोडला, तरी मला पैसे मिळणार ते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर. माझ्या एकट्याच्या गोड उसाचा मला वेगळा पैसा नाही. सगळ्या कार्यक्षेत्राची तोड पक्वतेनुसार लागली तरच तो ०.१ टक्का वाढतो, आणि मग तो सगळ्यांच्या पदरात पडतो.

म्हणून माझं म्हणणं असं : आपल्याकडं एआयचा ग्राहक पाणी संस्था आणि कारखान्याचं शेती खातं असलं पाहिजे. संस्थेचं पाळीपत्रक एआयनं बनवावं आणि तोडणी कार्यक्रमही एआयनं लावावा. शेतकऱ्याला मोबाइलवर फक्त एवढंच कळावं, की तुमची पाळी अमुक दिवशी, अमुक तास. संस्थेत काम केलेल्यांनी आणि या क्षेत्रातल्या जाणकारांनी मत द्यावं, ही विनंती.

कागलचा_खोडवा

दादा, पटलं. पण ठिबकवाल्यांना यातून वगळा. माझ्या दीड एकराला विहिरीवरून ठिबक आहे. मला सेन्सरचा सल्ला त्याच दिवशी पाळता येतो. विद्राव्य खताचे हप्ते मी आता ओल बघून सोडतो. वैयक्तिक एआयसुद्धा चालतंय, पाणी आपल्या हातात असलं की.

भोगावतीकाठ

अगदी बरोबर. ज्याचं पाणी त्याच्या हातात, त्याला बारामतीचं मॉडेल जसंच्या तसं लागू पडतं. पण नदीकाठच्या गावांत तसे किती?

पाळीवाला

मी आमच्या गावच्या संस्थेत सचिव हाय. लई वर्सं पाळीपत्रक हातानं लिवतोय. दादा, तुमचं म्हणणं कागदावर झ्याक हाय, पण एक गोष्ट समजून घ्या. आमच्या संस्थेत खाली मळीची जमीन, मधी काळी, आन वर माळाला मुरूम. माळावरचा ऊस आठव्या दिवशी पानं गुंडाळतोय, आन मळीतल्याला तवा चिखल असतोय. ही गोष्ट पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला माहीत हाय, मलाबी माहीत हाय, त्येला एआय कशाला लागतंय? पण मी जर मळीतल्या सभासदाला म्हणालो, की अण्णा, ह्या खेपंला तुमची पाळी सोडू या, माळाला देऊ या, तर तो सरळ म्हणणार, माझं हक्काचं पाणी दुसऱ्याला देणारा तू कोण? आन त्येचंबी खोटं न्हाई. त्येचा शेअर हाय, पट्टी भरलीया. गावात एकदा म्हणाले, की सचिवानं पावण्याच्या रानाला पाणी दिलं, तर पुढची जनरल सभा त्याच्यावरच जाती.

मळ्यातली

सचिवकाका, तुम्ही जे सांगताय तेच एआयच्या बाजूचं सगळ्यात मोठं कारण आहे असं मला वाटतं. तुम्हाला माहीत आहे, पण तुम्ही सांगितलं की त्यात पाहुणा दिसतो. मळीच्या रानात अजून ओल आहे हा आकडा सेन्सरनं दिला आणि तो संस्थेच्या बोर्डावर सगळ्यांना दिसला, तर तुमच्यावर बोट येणार नाही. फक्त सोडलेली पाळी बुडता कामा नये. ती त्या सभासदाच्या नावावर जमा राहावी आणि उन्हाळ्यात त्याला लागेल तेव्हा आधी मिळावी. आमच्या बचत गटात एखादीनं हप्ता पुढं ढकलला तरी तिचा हिशेब वहीत राहतो, म्हणून कुणी भांडत नाही.

पाळीवाला

ताई, जमा पाळीचं डोस्क्यात घेतलं. ह्येच्यावर बोलता येईल.

नजर_वरून

मूळचा गडहिंग्लजचा, सध्या उपग्रह चित्रांवर काम करतो. तांत्रिक बाजू थोडी सांगतो, कारण 'उपग्रहानं सगळं दिसतं' असा समज पसरलाय.

बहुतेक कंपन्या युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची मोफत चित्रं वापरतात. त्यातला सगळ्यात बारीक चौकोन १० मीटर बाय १० मीटरचा. म्हणजे १०० चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. तुमची पट्टी वीस गुंठ्याची आणि निमुळती असेल, तर वीसेक चौकोनांतले निम्मे बांधावर पडतात. त्यात तुमचा ऊस, बांधावरचं गवत आणि शेजाऱ्याचं सोयाबीन एकत्र येतं. अशा पट्टीचा 'हिरवेपणा' कमी दिसला म्हणून खत टाकणं धोक्याचं आहे. उलट ३०० एकरांच्या पाणी संस्थेत असे १२,००० च्या आसपास चौकोन येतात. काठावरची भेसळ त्यात फारशी जाणवत नाही, आणि कुठल्या भागाचा ऊस तहानलाय ते स्पष्ट दिसतं. त्यामुळं धागाकर्त्याच्या मुद्द्याला तंत्राच्या बाजूनंही आधार आहे.

दुसरं, ढग. दोन उपग्रह मिळून पाच दिवसांनी त्याच जागेवरून जातात, पण आपली आडसाली लागण जुलै-ऑगस्टची. त्या दिवसांत राधानगरी-गगनबावड्याकडं आठवडेच्या आठवडे चित्रात पांढरा ढग सोडून काही नसतं. ढगातून आरपार बघणारा सेंटिनेल-१ चा रडार आहे. तो पूर कुठवर आला आणि रान किती ओलं आहे ते सांगतो, पण पान पिवळं की हिरवं हे त्याला कळत नाही.

तिसरं, ऊस पाच-सहा महिन्यांचा होऊन सरी झाकली की पिकाचा हिरवेपणा मोजणारा नेहमीचा एनडीव्हीआय निर्देशांक वरच्या टोकाला जाऊन अडकतो. सगळं रान सारखंच गडद हिरवं दिसतं. तेव्हा रेड-एज नावाचा प्रकाशाचा पट्टा जास्त उपयोगी पडतो, पण त्याचा चौकोन २० मीटरचा, म्हणजे चार गुंठ्यांचा. कंपनी सल्ला विकायला आली तर हे तीन प्रश्न नक्की विचारा : चौकोन केवढा, पावसाळ्यात काय करता, आणि सरी झाकल्यावर कुठला निर्देशांक वापरता.

आबा_कृषी

निवृत्त कृषी सहायक. वरच्या माहितीबद्दल धन्यवाद. मी एक भर घालतो.

उपग्रह 'कुठं' ते सांगतो, 'का' ते नाही. पिवळ्या डागाची कारणं अनेक असतात. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर नत्र कमी. कोवळी, वरची पानं पांढरट पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी, आपल्या चुनखडीच्या रानात हा केवडा नेहमी दिसतो. सगळंच झाड मलूल असेल तर उपटून मुळं बघायची. काळी पडून वास येत असेल तर पाणी साचलंय, कुरतडलेली असतील तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी. वरून चारही डाग सारखेच दिसतात, आणि चौघांचे उपाय वेगळे. पाणी साचलेल्या डागावर युरिया टाकला तर तो उसाला न मिळता वाया जातो.

म्हणून माझी सूचना : डागाचा नकाशा आला की आधी माणूस त्या जागी गेला पाहिजे. कारखान्याच्या शेती खात्यात गटवार माणसं आहेत. आज त्यांचा वेळ लागणीच्या नोंदी आणि तोडीच्या तक्रारी यांत जातो. त्यांच्या हातात दर आठवड्याला दहा डागांची यादी द्या, त्यांनी पान आणि मूळ बघून कारण नोंदवावं. ती नोंद परत यंत्राला शिकवायला वापरा. दोन-तीन हंगामांत आपल्या मातीचं, आपल्या को ८६०३२ आणि फुले २६५ या उसाच्या जातींचं ज्ञान त्यात उतरेल. बाहेरून आणलेल्या मॉडेलला आपला केवडा कसा कळणार?

आणखी एक. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, ती हप्त्यांनी द्यायची असते. आपल्याकडं पाळी आली की तिच्या तोंडावर पोतंच्या पोतं फेकतात. पाळीची तारीख आधी नक्की कळली, तर खताचे हप्ते त्या हिशेबानं पाडता येतील. पाणी आणि खत वेगळं करून बघू नका.

शिरोळकर

भोगावतीकाठ, तुम्ही वरच्या अंगाला राहता. क्षारपड म्हणजे काय ते आमच्या शिरोळ तालुक्यात येऊन बघा. उसाच्या मधोमध पांढरं मीठ फुललेलं रान, त्यात फक्त लव्हाळा. आमच्या आजोबांनी त्याच रानात शाळू पिकवलाय. कृष्णा-पंचगंगेचं पाणी मिळालं, दोन पिढ्या भरमसाट पाजलं, निचरा कुणी केला नाही, खालची पाणीपातळी वर आली आणि क्षार वर घेऊन आली. दत्त कारखान्याच्या पुढाकारानं जमिनीखाली सच्छिद्र पाइप घालून निचरा करायचं काम आमच्याकडं झालं आणि पडीक रानात पुन्हा ऊस उभा राहिला. त्यामुळं तुम्ही पाण्याचा मुद्दा टनेजच्या आधी ठेवलात, याचं मला फार बरं वाटलं.

पण सेन्सरबद्दल सावध करतो. मी एका कंपनीकडून ओलाव्याचा सेन्सर घेतला होता. वाफसा संपून ऊस सुकायला लागला तरी स्क्रीनवर 'ओल भरपूर'. नंतर एका जाणकारानं समजावलं : हे स्वस्तातले सेन्सर मातीतून विजेची लहर सोडून ओल मोजतात, आणि मातीत क्षार जास्त असले की आकडा फुगतो. त्यात क्षारपड रानात पाणी असूनही मुळांना ते ओढता येत नाही. म्हणजे सेन्सर ओल म्हणतो आणि ऊस उपाशी. आमच्यासारख्या रानात सेन्सर बसवायचा तर तो आपल्या मातीवर तपासून घेतला पाहिजे, आणि ओलीच्या जोडीला क्षारता म्हणजे ईसी मोजणारा पाहिजे. कंपनीचा माणूस मातीचा नमुना न घेता सेन्सर ठोकायला लागला, तर त्याला थांबवा.

बसवायच्या जागेचंही सांगतो. वरंब्यात, मुळांच्या बाजूला, एक फुटावर एक आणि दोन फुटांवर एक. वरचा सुकला आणि खालचा ओला असेल तर अजून घाई नाही. खालचाही सुकायला लागला की पाणी. पाणी देऊन दोन दिवस झाले तरी खालचा चिंबच असेल तर निचऱ्याचं बघा. बाळभरणीच्या आणि मोठ्या भरणीच्या आधी काढून घ्या, नाहीतर पॉवर टिलर वायरसकट उपटतो. तोडीच्या आधीही काढा, टोळीला ती वायर पाचटात दिसत नाही.

नजर_वरून

शिरोळकर, उत्तम माहिती. क्षारांमुळं आकडा फुगतो हे तंतोतंत खरं आहे.

पाळीपत्रक एआयनं कसं बनेल ते थोडक्यात सांगतो, म्हणजे त्याचं गूढ राहणार नाही. पाया जुनाच आहे, १९९८ मध्ये एफएओनं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेनं छापलेली पद्धत. रोजच्या ऊन-वारा-आर्द्रतेवरून बाष्पीभवन काढायचं आणि पिकाच्या वयाच्या गुणकानं गुणायचं. पूर्ण वाढलेल्या उसाचा गुणक १.२५. मे महिन्यात दिवसाला ६ मिमी बाष्पीभवन धरलं तर ऊस रोज साडेसात मिमी पितो. एकरावर एक मिमी म्हणजे ४,०४७ लिटर, म्हणजे एकरी रोज ३० हजार लिटरच्या आसपास. एका पाळीला ७५ मिमी दिलं तर ते एकरी तीन लाख लिटर झालं, दहा दिवसांचं पाणी. काळ्या रानात ते मुळांपाशी राहतं. मुरमाड माळावर मुळांच्या थरात ७५ मिमी मावतच नाही, वरचं खाली झिरपून जातं आणि सोबत युरिया घेऊन जातं. तिथं निम्मं पाणी दुप्पट वेळा द्यायला हवं.

एआयचं काम याच्या पुढं सुरू होतं. हवामानाचा अंदाज, उपग्रहानं दाखवलेली वाढ, चार-पाच सेन्सरचे आकडे, पंपाचे तास आणि उपसाबंदीच्या तारखा हे सगळं एकत्र घेऊन कुठल्या दिवशी कुठला गट भिजवायचा याचा क्रम लावायचा. जमा पाळीची अट त्यातच घालता येते. सेन्सर प्रत्येक शेतकऱ्याला लागत नाही, प्रत्येक मातीच्या प्रकाराला दोन जागी पुरतो. खर्च तिथं एकदम खाली येतो.

मळ्यातली

मला 'सी अँड स्प्रे'बद्दल बोलायचंय. धागाकर्त्यांनी ते आपल्याकडं येणार नाही म्हणून लगेच सोडून दिलं, पण तणनाशकाचा प्रश्न आमच्या बाजूला मोठा आहे. भांगलणीला बायका मिळत नाहीत म्हणून पाठीवरच्या पंपानं ॲट्राझीन, मेट्रिब्युझीन, टू-फोर-डी सगळ्या सरीभर मारतात. तण असो नसो. टू-फोर-डी वाऱ्यानं शेजारच्या भुईमुगावर, भाजीवर गेलं की पानं वाकडी होतात. फवारणारा माणूस तोंडाला नुसता रुमाल बांधून असतो.

१२० फुटी यंत्र नको. पण कॅमेऱ्यानं तण ओळखून तेवढ्याच जागी फवारायची अक्कल एका सरीत चालणाऱ्या छोट्या यंत्रात आली, किंवा ड्रोननं आधी नकाशा काढून फक्त लव्हाळ्याच्या बेटांवर फवारलं, तर किती औषध वाचेल! केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत १५,००० बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरलं, त्यातले गट आपल्या जिल्ह्यातही आहेत. आज त्यांचे ड्रोन सरसकट फवारतात. नकाशा हातात आला तर त्याच ड्रोनचं काम बदलेल. आणि ऊस डोक्यावर गेल्यावर आत शिरता येत नाही, तेव्हा तांबेरा रोगाच्या फवारणीसाठी ड्रोनच उपयोगी.

भांगलणीच्या बायकांचं काय, असं कुणी विचारेल. मी स्वतः भांगलणीला गेलेय. कमरेची वाट लावणारं ते काम कमी झालं तर दुःख नाही, पण त्या जागी ड्रोन चालवणं, सेन्सर बघणं, डागांची तपासणी करणं ही कामं गावातल्या मुलींना मिळाली पाहिजेत. आबांनी वर जी डागांची यादी म्हटली, ती घेऊन फिरायला बचत गटातल्या मुली तयार होतील. त्यांना त्याचे पैसे मात्र मिळायला हवेत.

आबा_कृषी

ताई, ही सूचना कारखान्यांनी मनावर घ्यावी अशीच आहे. पान बघून नत्र की लोह हे शिकवायला मी फुकट येईन.

हुपरी_मेकॅनिक

ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे, म्हणून या बाजूनं लिहितो. जॉन डिअरचं कौतुक झालं, ठीक आहे. पण जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दोन राज्यांना बरोबर घेऊन याच कंपनीवर खटला भरला. आरोप असा, की दुरुस्तीचं पूर्ण सॉफ्टवेअर फक्त अधिकृत डीलरकडंच ठेवल्यामुळं शेतकऱ्याला स्वतः किंवा गावच्या गॅरेजमध्ये काम करता येत नाही. तिथला हजार एकरवाला शेतकरी जिथं अडतो, तिथं आपल्या पाणी संस्थेचं काय होईल?

आमच्या भागात एका कंपनीनं सेन्सर विकले, पुढं धंदा बंद केला, ॲप बंद पडलं. खांबावर डबा अजून आहे, आकडा कुणालाच दिसत नाही. म्हणून संस्थेनं करार करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. आकडे संस्थेचे असतील आणि साध्या फाइलीत कधीही उतरवून घेता येतील. सेन्सरचा सुटा भाग आणि बॅटरी बाजारात मिळणारी असेल. आणि सभासदाचं रान, पीक, खत यांची माहिती त्याला विचारल्याशिवाय खत कंपनीला किंवा बँकेला दिली जाणार नाही. कुठल्या गटाचा ऊस कमजोर आहे हे पीककर्ज देणाऱ्याला आधी कळलं तर काय होईल, याचा विचार करा.

भोगावतीकाठ

मेकॅनिकभाऊ, हा मुद्दा माझ्या लिहिण्यात यायला हवा असाच होता. आकडे संस्थेचे, ही अट पहिली. महाॲग्री धोरणातून निधी येणार असेल तर सरकारनंच ही अट घातली पाहिजे.

आतापर्यंतच्या चर्चेतून मला दिसतं ते असं. एका संस्थेचं ३०० एकरांचं क्षेत्र, मातीचे तीन प्रकार, प्रत्येकात दोन जागी सेन्सर, हवामान केंद्र एक. बारामतीच्या हिशेबानं हेक्टरी २५,००० धरले तर ३०० एकरांचे, म्हणजे १२० हेक्टरांचे, ३० लाख होतात. सेन्सर मातीवार बसवले तर यातला मोठा भाग वाचेल, तो पाटावर मीटर बसवायला आणि मळ्यातली ताई म्हणतात तशा मुलींच्या मानधनाला वापरावा. पट्टी एकरावरून तासावर आणली, तर पाणी वाचवणाऱ्याला पैसाही वाचेल. हे शेवटचं सगळ्यात अवघड, ते जनरल सभेतच व्हायला हवं.

कागलचा_खोडवा

तासावर पट्टी म्हटल्यावर टोकाच्या शेतकऱ्याचा विचार करा. पाट कच्चा असेल तर त्याचे दोन तास नुसते पाटातच मुरतात. त्याला तोच दर लावला तर अन्याय होईल.

भोगावतीकाठ

खरं आहे. मीटर रानाच्या दारावर बसवला पाहिजे, पंपावर नाही. किंवा पाट पाइपचा झाल्याशिवाय तासावर पट्टी आणू नये.

पाळीवाला

मी चेअरमनशी बोललो. न्हाई म्हणाले न्हाईत. म्हणाले, आधी एक हंगाम नुसतं कागदावर करून बघू. पाळी हाय तशीच चालंल, शेजारी एआयचं पत्रक लावायचं, आन लोकांना बघू द्यायचं कुठं फरक पडतोय. मला ह्ये पटलं, कुणाचं पाणी जात न्हाई.

आता मला सांगा, जुन्या पाळीच्या वह्या हायत, त्यात तारीख, गट नंबर, सभासदाचं नाव आन तास एवढंच हाय. मातीचा रकाना न्हाई. त्यो कसा भरायचा?

नजर_वरून

काका, नावं मला नकोत, ती झाकून ठेवा. तारीख, गट नंबर आणि तास पुरे. मातीसाठी पाटकऱ्याला बरोबर घ्या आणि गावच्या गट नकाशावर त्याच्याकडून तीन रंग भरून घ्या : मळी, काळी, मुरूम. शंका असेल त्या गटावर प्रश्नचिन्ह टाका, तिथं आबा नमुना घेतील. शिवाय कुठल्या वर्षी पुराचं पाणी कुठवर आलं होतं तीही रेघ मारा, २०१९ ची आणि २०२१ ची वेगळी. नकाशाचा फोटो सरळ वरून, उजेडात काढा, चारही कोपरे दिसले पाहिजेत.

पाळीवाला

पाटकरी उद्या सकाळी मोकळा हाय. पाणी अडवायला बंधाऱ्याला बरगे घातल्यात, पहिली पाळी सुरू व्हायच्या आत नकाशा रंगवून टाकतो.